शेवटच्या गाळपाची साखर

मरणानंतर माणसाचं नेमकं काय उरतं, या प्रश्नाचं उत्तर मानवजातीला अखेर मिळालं. ज्याच्यासाठी ऋषिमुनींनी हाडं झिजवली आणि तत्त्वज्ञांनी जाडजूड ग्रंथ लिहिले, ते उत्तर सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या आरोग्य केंद्रात, झाकणावर नाव चिकटवलेल्या एका निळ्या डबीत सापडलं. डबीत काय होतं हे सांगणं सभ्यपणाला धरून होणार नाही. पण ते सकाळी उपाशीपोटी आणून द्यायचं असतं, एवढ्यावरून वाचकांनी ओळखावं.

डबी भरत नलवडे यांची होती. नलवडे म्हणजे मंगळाई सहकारी साखर कारखान्याचे निवृत्त चीफ केमिस्ट. आता तो साखर कारखाना राहिलेला नाही. निम्म्या राज्याला मधुमेह आणि उरलेल्या निम्म्याला त्याची भीती, अशी परिस्थिती झाल्यावर सरकारने साखर पानपट्टीच्या मागच्या फळीवर नेऊन ठेवली. पाकिटावर सडक्या पायाचं चित्र आलं. पोरं पास झाली की शेजारीपाजारी फुटाणे वाटायची प्रथा पडली आणि साखरपुड्याला पुडा तेवढा राहिला, आत सातू. मंगळाईच्या चेअरमनसाहेबांनी आयुष्यभर साखर ही कष्टकऱ्यांची शक्ती आहे असं भाषण केलं होतं. त्यांनी त्याच व्यासपीठावरून, बहुधा त्याच फेट्यात, चोथा हीच खरी संपत्ती असल्याचं जाहीर केलं. उसाचा रस इथेनॉलला गेला, आणि जे चिपाड पूर्वी बॉयलरमध्ये जाळत, ते धुऊन, दळून, ‘तंतूसत्त्व’ नावाने डब्यात भरून लोकांना खायला देऊ लागले. डब्यावर चेअरमनसाहेबांचा फोटो होता. गावात त्या पावडरीला भुस्सा म्हणत.

‘पोटगणती’ ही त्यातलीच योजना. दर दोन वर्षांनी प्रत्येकाने डबी द्यायची आणि यंत्राने त्यातल्या जिवाणूंची खानेसुमारी करायची. नुसती जात नाही, तर कूळ, घराणं, सगळं.

“काका, तुमच्या पोटात बाहेरची वस्ती आहे,” डॉ. अन्वी मगदूम पडद्याकडे बघत म्हणाली. ती मंगळाईच्या मगदूम फिटरची मुलगी. नलवडे तिला डॉक्टर म्हणत आणि मनातल्या मनात अगं म्हणत.

“बाहेरची म्हणजे कुठली?”

“काकूंची.”

काकू म्हणजे नलवड्यांची बायको उज्ज्वला. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. रात्री झोपली ती सकाळी उठली नाही, इतकं साधं.

“मागच्या गणतीला काकूंनी पण डबी दिली होती ना,” अन्वी म्हणाली. “त्याची नोंद आहे. एका घरात राहणाऱ्या, एकमेकांचं उष्टं खाणाऱ्या माणसांचे जिवाणू इकडून तिकडे जातात. ते येतात आणि राहतात. तुमच्यातलं हे एक घराणं जसंच्या तसं काकूंचं आहे. बारीकसारीक खुणांसकट. दुसऱ्या कुणाचं असूच शकत नाही.”

“जिवंत आहेत?”

“मग काय. खातात, पितात, पोरंबाळं करतात.”

“किती असतील?”

“शंभरात चार.”

नलवड्यांची हयात शंभर भाग उसातून किती साखर निघते तो उतारा काढण्यात गेली होती. दुष्काळात मंगळाईने याच्या दुप्पट उतारा दिला होता, हे त्यांना आठवलं. तरी पण शंभरात चार उज्ज्वला म्हणजे गेल्या वर्षभरात घरात जितकी होती त्यापेक्षा बरीच जास्त होती.

अन्वीने त्यांना बूट काढायला सांगितला आणि खाली वाकून तळव्याला एक नायलॉनचा धागा टोचला.

“कळलं?”

“काय?”

“तेच विचारतेय.”

मग तिने खुर्चीत बसून नीट समजावलं. रक्तातली साखर हाताबाहेर गेलीय, उजव्या पायाच्या नसा मरत चालल्यात. यावर आता ‘फेरपेरणी’ नावाचा उपचार आहे. पोट म्हणजे शेत धरा. काही आठवडे साखर बंद करायची, भुस्सा खायचा, म्हणजे वेडंवाकडं तण जातं. मग प्रयोगशाळेत निवडलेलं बी पेरायचं. नवे जिवाणू साखर ताळ्यावर आणतात. शिवाय जिवाणू पोटातल्या एका लांबलचक नसेतून मेंदूला निरोप पाठवतात, हे आवडतं, ते आण. म्हणजे तसं असावं असं संशोधन सांगतं. नवी वस्ती बसली की गोडाची ओढही जाईल.

“आणि जुनी वस्ती?”

“जाते.”

“सगळी?”

“निवडून नाही काढता येत, काका. नांगरताना आपण गवताच्या काडीला थोडंच विचारतो?”

नलवड्यांनी तंतूसत्त्वाचा डबा घेतला, चेअरमनसाहेबांचा चेहरा पिशवीत आतल्या बाजूला केला आणि घरी आले.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. नलवड्यांना गोड आवडत नसे. तीस-पस्तीस हंगाम मळीच्या वासात काढलेल्या माणसाला गोडाची जितकी आवड राहील तितकीच त्यांना होती. ते बिनसाखरेचा चहा पीत आणि कारखान्यात त्यावरून त्यांची यथेच्छ टिंगल होई. गोडाची भोक्ती होती उज्ज्वला. दुपारच्या चहाला ती सकाळच्या चपातीवर तूप लावायची, वर साखर भुरभुरायची, सुरळी करायची, आणि निम्मी खाऊन निम्मी नवऱ्यापुढे धरायची. “अहो, एक घास. तुमच्याच कारखान्याची आहे.” नलवडे तो घास औषधासारखा घेत. उलटपक्षी, रात्रीच्या जेवणात गवारीची भाजी असली की नलवडे आपल्या ताटातली गवार बोटाने हळूच सरकवत उज्ज्वलाच्या ताटात लोटत, आणि ती एक शब्द न बोलता खाई. मध्ये त्यांची मुलगी केतकी बसलेली असली तर तीही वाटेतच त्या गवारीवर हात मारी. लग्न असंच चालतं. त्याला कुणी प्रेम म्हणत नाही, पण दुसरा शब्दही नाही.

उज्ज्वला गेल्यानंतर महिनाभराने एके दुपारी नलवड्यांना साखरेची सुरळी खावीशी वाटली. नुसती वाटली नाही, जीव तुटला. त्या दिवसापासून रोज. चहाचं आधण ठेवलं की पोटात कुठेतरी खोल कुणीतरी पदर ओढल्यासारखं होई. त्यांना याचं कोडं पडलं होतं.

ते आता उलगडलं. पोटात उज्ज्वलाची वस्ती आहे, हे यंत्राने सांगितलं. वस्ती मेंदूला निरोप पाठवते, हे डॉक्टरने सांगितलं. या दोन वाक्यांना जोडून तिसरं वाक्य नलवड्यांनी स्वतः तयार केलं, आणि ते डॉक्टरला दाखवायच्या भानगडीत ते पडले नाहीत.

कारखान्यात जिवाणू म्हणजे चोर. ऊस तोडल्यापासून मिलमध्ये जाईपर्यंत जितका उशीर, तितकी साखर हे चोर खाऊन टाकतात आणि वर गटारात बुळबुळीत शेवाळासारखा गाळ करून ठेवतात. नलवड्यांनी उभं आयुष्य मिलखाली औषधं मारून, चुना टाकून, या चोरांना उपाशी मारण्यात घालवलं होतं. या कामाबद्दल त्यांना कारखान्याकडून एक भिंतीवरचं घड्याळही मिळालं होतं. जिवाणू काय खातो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. जिवाणू साखर खातो.

तेव्हा ते तिला साखर घालू लागले.

साखरेची ददात नव्हती. मंगळाईचं शेवटचं गाळप झालं त्या दिवशी प्रत्येक सभासदाला आणि कामगाराला एक छोटं पोतं आठवण म्हणून मिळालं होतं. दाणेदार, पांढरीशुभ्र, एम-थर्टी प्रतीची. उज्ज्वलाने ते पितळेच्या डब्यात ओतून ठेवलं होतं, त्यातलं निम्मं अजून शिल्लक होतं. चपात्या कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून येत. तंतूसत्त्व दारच्या कढीपत्त्याला जाऊ लागलं आणि कढीपत्ता बघता बघता गच्चीला लागला.

दुपारी ते सुरळी करत. पहिली निम्मी तिच्या वाट्याची, दुसरी आपल्या. दोन्ही तेच खात. शेवटचा घास गिळून झाला की पोटावर हात ठेवून, शेजारी ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारत, “पोचलं का?”

उत्तर येत नसे. पण वर्षभर ते ज्या घरात राहत होते तिथे प्रश्न विचारायलाही कुणी नव्हतं, त्यामानाने ही बरीच प्रगती होती.

केतकी पुण्याहून महिन्यातून एकदा येई. येताना गाडी भरून भाज्या आणी आणि जाताना उपदेश ठेवून जाई. तिच्यासमोर नलवडे शहाण्यासारखे वागत. भुश्शाचा डबा टेबलावर ठेवत, त्यातला चमचाही ओला करून ठेवत. सुरळी मात्र तिचा दुपारचा डोळा लागल्यावर.

त्या शनिवारी तिचा डोळा लवकर उघडला. ती पाणी प्यायला उठली तर पांढऱ्या फरशीवर लाल ठिपके. बाहेरच्या सोप्यातून निघालेले, एका पायाचे, सारख्या अंतरावर. ती ठिपक्यांमागून स्वयंपाकघरात गेली. तिथे नलवडे उभ्याने सुरळी खात होते.

“पप्पा, पायाला काय झालंय?”

नलवड्यांनी खाली पाहिलं. “कुठल्या?”

उजव्या पायाच्या करंगळीला चांगली चीर गेली होती. कशाने, कधी, त्यांना पत्ता नव्हता. केतकीने त्यांना खुर्चीत बसवलं, पाय धुतला, फडकं बांधलं. एवढा वेळ नलवड्यांच्या हातात सुरळी तशीच होती. ती खाली ठेवावी की संपवावी यावर त्यांचं ठरत नव्हतं.

“हे रोज चाललंय?”

“चहाबरोबर फक्त.”

“आणि तो भुस्सा?”

“कढीपत्ता बघितलास का किती वाढलाय.”

केतकीने बघितलेला होता. मग तिने आवाज चढवला, मग उतरवला, मग शेवटी तिच्या आईसारखी नुसती गप्प बसून राहिली, आणि त्या गप्पपणाला नलवडे कधीच टिकले नव्हते. त्यांनी सगळं सांगितलं. शंभरात चार. ती ओढ. पहिली निम्मी कुणाची ते. फेरपेरणी केली की ती जाणार, तेही.

केतकीने फडक्याची गाठ पुन्हा आवळली.

“म्हणजे आईला जगवायला तुम्ही पाय देणार.”

“पाय दोन आहेत,” नलवडे म्हणाले.

“आणि मला एकच बाप आहे. ते कुठं मांडायचं?”

“तुला नाही समजायचं,” नलवडे म्हणाले. “तुझं आपलं बरं आहे. तू तिकडं. इथं काही म्हणजे काही राहिलं नाही तिचं. साड्या तुझ्या मावशीनं नेल्या. दह्याचं विरजणसुद्धा माझ्या हातून नासलं. ही एवढीच राहिलीय बघ.” आणि त्यांनी पोटाकडे बोट केलं.

केतकीने त्यांच्या हातातली सुरळी काढून घेतली, टाकून द्यायला म्हणून उठली, आणि ओट्याशी पाठ करून उभी राहिली. ती सुरळी खात होती की रडत होती हे मागून कळत नव्हतं. बहुधा दोन्ही.

करंगळी काढावी लागली. नलवडे दवाखान्यातून घरी आले ते बारीक झालेल्या पायाने आणि फेरपेरणीची तारीख घेऊन. केतकीने कंपनीला कळवून टाकलं की ती आता इथूनच काम करेल. पेरणीआधी एक गणती करायची असते. नलवड्यांनी निळी डबी दिली, आणि डॉक्टरसमोर बसले तेव्हा त्यांच्या मनात एकच हिशेब होता: इतके महिने खाऊ घातलंय, शंभरात निदान दहा तरी झाली असेल. मग सांगू, एवढी तरी ठेवा म्हणून.

अन्वीने पडदा त्यांच्याकडे वळवला.

“काकूंची वस्ती खूप कमी झालीय, काका. शंभरात अर्धीसुद्धा नाही. थोडे दिवस असंच चाललं तर फेरपेरणी न करताच संपेल.”

“शक्य नाही,” नलवडे म्हणाले. “मी रोज घालतोय.”

“काय घालताय?”

केतकीने बापाकडे पाहिलं. नलवड्यांनी कबूल केलं. पितळेचा डबा, सुरळी, दोन वाटे. ‘पोचलं का’ तेवढं मात्र वगळलं. माणसाला काहीतरी स्वतःपाशी ठेवावं लागतं.

अन्वी हसली नाही. तिने कपाळ चोळलं. “काका, तुम्ही केमिस्ट आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. ऊस मिलमध्ये गेला की रस कुठं निघतो?”

“पहिल्या मिललाच. बराचसा.”

“आणि बॉयलरला काय जातं?”

“बगॅस. चिपाड.”

“बॉयलरपर्यंत रस जातो कधी?”

“बॉयलरमध्ये रस? वेडी आहेस का तू,” नलवडे म्हणाले, आणि त्या क्षणी त्यांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं.

“काकूंची वस्ती मोठ्या आतड्यात आहे,” अन्वी म्हणाली. “पार शेवटाला. साखर वरच्या लहान आतड्यातच शोषली जाते, सगळी रक्तात जाते. तिथून तुमच्या पायात. खाली पोचतो तो फक्त चोथा, कारण तो आपल्याला पचवता येत नाही. ते बिचारे जिवाणू त्याच्यावरच जगतात. तो नाही मिळाला की आतड्याचं अस्तर कुरतडतात, आणि तेही नाही पुरलं की मरतात. तुम्ही पाठवत होता ती साखर तिथपर्यंत पोचतच नव्हती.”

भिंतीपलीकडे कुणीतरी आपली डबी हरवल्याबद्दल नर्सशी भांडत होतं. नलवडे ते भांडण शेवटपर्यंत ऐकत राहिले.

“मग ती ओढ?” त्यांनी विचारलं. “चहाच्या वेळची?”

“ती कुणाची ते मला नाही सांगता येणार. पोटातून आलेली दिसत नाही.”

“हं.”

“काकू जेवायच्या काय? गोड सोडून.”

नलवड्यांना उज्ज्वलाचं ताट आठवलं. तिच्या वाट्याचं आणि त्यांच्या ताटातून सरकून आलेलं, असं दुप्पट वाढलेलं. “गवार,” ते म्हणाले. “आठवड्यातून तीनदा.”

“गवारीत भरपूर असतो चोथा. ती सुरू करा. आणि पेरणी आपण पुढं ढकलू. साखर बंद आणि गवार चालू असेल तर नुसत्या तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. पण इतकी कमी झालेली वस्ती परत येईल याची खात्री नाही, हे आधीच सांगते.”

“तिची डबी? दोन वर्षांपूर्वीची?”

“नमुने नष्ट करतात, काका. नोंद तेवढी ठेवतात. तसाच नमुना दुसऱ्या कुणाकडे असता तर त्यातून थोडी वस्ती तुमच्यात लावता आली असती.” ती थांबली. मग केतकीकडे वळली. “तुझी गणती कुठं झालीय गं?”

“कुठंच नाही. पुण्यात चुकवता येते.”

अन्वीने टेबलाच्या खणातून एक निळी डबी काढून तिच्यापुढे ठेवली.

पुढचे काही दिवस नलवड्यांनी गवार खाल्ली. केतकी शेंगांच्या शिरा काढून, लसूण आणि शेंगदाण्याचा कूट घालून करी. अगदी उज्ज्वला करायची तशी. नलवड्यांचं बोट सवयीने शेंगा ताटाच्या कडेला नेई आणि तिथे उज्ज्वलाचं ताट नाही असं पाहून परत आणी. पितळेचा डबा केतकीने गल्लीत मुंग्यांच्या वारुळापाशी रिकामा केला. दुपारी चहाचं आधण ठेवलं की ओढ यायची ती येतच होती. नलवडे तिला येऊ देत. बिनसाखरेचा चहा घेऊन ओट्याशी उभे राहत. ती कुणाची आहे हे माहीत नसताना तिला काही खायला घालणं आता त्यांना बरोबर वाटत नव्हतं.

निकालाच्या दिवशी दोघं जाऊन बसली. केतकी फुटाणे खात होती. अन्वीने पडदा बघितला, परत बघितला, आणि खुर्ची मागे सरकवली.

“शंभरात एकोणीस,” ती म्हणाली.

“माझ्यात?” नलवड्यांनी विचारलं. आवाज त्यांचाच होता, पण बऱ्याच लांबून आला.

“नाही. हिच्यात. काकूंचीच. खुणांसकट तीच.”

नलवड्यांनी मुलीकडे पाहिलं. ती महिन्यातून एकदा यायची, भाज्या आणायची आणि उपदेश करायची. गेले काही महिने प्रत्येक वेळी जाताना ती दारात जरा जास्तच वेळ थांबत असे, आणि ती गाडीत बसली की दार लावून ते घाईने स्वयंपाकघरात जात. सुरळीची वेळ चुकू नये म्हणून.

“हिच्यात कशी?”

“आईकडून मुलात जन्मताच येतात, काका. हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकातच असतं.”

“मग आधी का नाही सांगितलं?”

“तुम्ही विचारलं नाही. आणि ही इथं राहत नव्हती.” अन्वीने आकड्यावर बोट ठेवलं. “पण एकोणीस म्हणजे फारच. काकूंच्यात सुद्धा इतकी नव्हती.”

नलवडे अजून मुलीकडेच बघत होते. केतकीने हातातल्या फुटाण्यांची सालं कागदाच्या पुडीत झटकली.

“मला गवार आवडते,” ती म्हणाली.